कादंबरी अडते कुठे?

मी जबलपूरहून बोलतो आहे. मधूनमधून ऑटोचे हॉर्न ऐकू येतील. खिडकी लावली की पंखा लावावा लागतो, आणि आमच्या पंख्याचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा आहे. तेव्हा हॉर्न चालवून घ्या. जे हे नंतर ई-पुस्तकात वाचतील ते सुटले.

मला या मालिकेत बोलायला सांगितलं तेव्हा विषय होता ‘कथा सुचते कशी’. मी म्हटलं, सुचण्यावर नको. सुचलेलं सगळ्यांकडे असतं. ते कपाटात असतं, नव्वद ते दीडशे पानांचं, वर रबर लावलेलं, आणि रबर आता तुटायला आलेलं. मला त्या पानांबद्दल बोलायचं आहे. सुरू झालेली, बरी चाललेली आणि एके दिवशी थांबलेली कादंबरी. तिचं पुढं काय करायचं?

हे मी पुण्यात बसून बोललो असतो तर विषय जरा हौसेचा वाटला असता. इथं तसा वाटत नाही. जबलपूर १७९८ ते १८१७ नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढं इंग्रजी अमलात ते मध्य प्रांतात आलं, म्हणजे राजधानी पुन्हा नागपूरच, ती थेट १९५६ पर्यंत. कोर्टकचेऱ्या, रेल्वे, शाळा आणि १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, यांच्या मागोमाग मराठी घरं इथं आली आणि इथलीच झाली. त्यांतली तिसरी-चौथी पिढी घरात मराठी बोलते. लिपी तर एकच, त्यामुळे अक्षरं वाचता येतात. पण मराठी पुस्तक हातात घेऊन सलग वाचणारी मुलं बोटांवर मोजावीत.

आता असं बघा. एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर फॅक्टरीच्या क्वार्टरांवर कादंबरी लिहायला घेतली. एकशेवीस पानांवर अडले. मग डोळ्यांचं ऑपरेशन, मग नातवाची मुंज, मग ते गेले. मुलगा बंगळुरूला, सून लखनौची. घर विकायच्या वेळी कबाडीवाला येतो आणि वही किलोच्या भावानं जाते. अशा दोन वह्या गेल्याचं मला माहीत आहे. दोन्हींतली काही प्रकरणं आम्ही घरगुती बैठकीत ऐकली होती. पुरी होऊन छापलेली सामान्य कादंबरीसुद्धा कुठल्यातरी वाचनालयाच्या फळीवर उरते. अर्धी राहिलेली चांगली कादंबरी कुठंच उरत नाही. म्हणून हा विषय.

अडण्याबद्दल नेमकं बोललेला माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. गजानन माधव मुक्तिबोध. घरात मराठी, लेखन हिंदीत. १९४० नंतरच्या दशकात ते काही काळ जबलपुरात शिक्षक होते, नंतर नागपूरला गेले, आणि शेवटची वर्षं राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. हरिशंकर परसाई इथून ‘वसुधा’ काढायचे. मुक्तिबोधांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’मधला बराच मजकूर त्या ‘वसुधा’त छापून आला. म्हणजे लेखन कसं घडतं यावर हिंदीत जो विचार आजही सर्वांत जास्त सांगितला जातो, त्याचं टपाल जबलपूरच्या पत्त्यावर येत होतं. आम्ही जबलपूरकर याचा अभिमान फारसा मिरवत नाही. आम्हाला खोव्याच्या जिलबीचा जास्त आहे.

त्या डायरीत ‘तीसरा क्षण’ नावाचं प्रकरण आहे. लेखक आणि त्याचा मित्र केशव यांचं बोलणं, असा त्याचा घाट. मुक्तिबोध म्हणतात त्याचा माझ्या शब्दांत सारांश असा : कलेचे तीन क्षण असतात. पहिला, आयुष्यातला एखादा तीव्र अनुभव. दुसरा, तो अनुभव त्याच्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या एका कल्पितासारखा होतो. त्यासाठी ते ‘फँटसी’ हा शब्द वापरतात. आणि तिसरा, ती फँटसी शब्दांत उतरायला लागते तिथून ती पुरी होईपर्यंतचा सगळा काळ. हा तिसरा क्षण खूप लांब असू शकतो. आणि त्यात एक गंमत होते. शब्द निमूट हमाली करत नाहीत. ते आपलं काही घेऊन येतात आणि मूळ फँटसीला बदलतात. लिहून झाल्यावर जे हाती येतं ते ठरवलेलं नसतं.

हे तत्त्वज्ञान म्हणून खूप जणांनी वाचलंय. मी ते दुरुस्तीच्या कामाला वापरतो. गाडी बंद पडली की मेकॅनिक आधी विचारतो, पेट्रोल आहे का, बॅटरी आहे का. तसं अडलेलं हस्तलिखित कोणी आणलं की मी स्वतःला विचारतो, हे कितव्या क्षणात अडलंय?

पहिल्यात अडलेलं सहसा वीस-तीस पानांच्या पुढं जातच नाही. विषय चांगला म्हणून घेतलेला असतो, लागलेला नसतो. त्यावर जास्त बोलत नाही. ते सोडून द्यावं, आणि सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नये.

दुसऱ्यात अडलेलं जास्त अवघड, कारण त्यात जीव असतो. ओळखायची खूण सांगतो. लेखकाला म्हणावं, ‘या प्रकरणात वडील घर सोडून जाण्याऐवजी राहिले तर?’ तो लगेच म्हणतो, ‘पण ते तसं घडलं नव्हतं.’ झालं, सापडलं. वडील अजून त्याचे वडील आहेत, कादंबरीतलं पात्र झालेलेच नाहीत. अनुभव मुळापासून सुटलेला नाही. असं लेखन एका ठरावीक जागी थांबतं : जिथं खऱ्या घटनांचा क्रम संपतो, किंवा जिथं खरी गोष्ट लेखकालाच नीट ठाऊक नाही. बंद दाराआड आई आणि काका काय बोलले हे त्याला माहीत नाही, आणि रचायची हिंमत होत नाही. मग तो म्हणतो, ‘मूड लागत नाही.’ मूडचा इथं काही संबंध नाही. त्याला परवानगी हवी आहे.

याच्याच शेजारी आणखी एक भीती राहते. घरचे ओळखतील. आमच्यासारख्या लहान समाजात ही भीती खरी आहे. जबलपूरच्या मराठी घरांत कोणाची आत्या कोणाची मामी लागते हे सगळ्यांना पाठ. दत्तमंदिरात प्रसाद घेताना कोणीतरी विचारणारच, ‘ती कादंबरीतली सासू म्हणजे आमच्या वहिनी ना?’ यावर ‘लेखकानं निर्भय व्हावं’ असं सांगून सुटणाऱ्यांतला मी नाही. ज्यांच्यात राहायचं त्यांच्याशी भांडून किती जण लिहितील? उपाय साधे आहेत. माणसाचं काम बदला. शिक्षिकेची नर्स करा. आता नर्सला रात्रपाळी असते. म्हणजे ती सकाळी झोपणार. म्हणजे सकाळचा चहा दुसरं कोणीतरी करणार, आणि त्या दुसऱ्या माणसाचं तिच्याबद्दल काही म्हणणं असणार. एवढ्या एका बदलानं खरी बाई मागं राहते आणि नवी बाई चालायला लागते. लपवण्यासाठी केलेला बदल गोष्ट पुढं ढकलतो, असं मी बऱ्याच वेळा पाहिलंय.

आता तिसरा क्षण. बहुतेक शंभर-सव्वाशे पानांची हस्तलिखितं इथं अडलेली असतात, आणि लेखकाला वाटतं की आपलं काही चुकलं. चुकलेलं काही नसतं. पानं पुढं गेलेली असतात आणि आराखडा जागच्या जागी राहिलेला असतो. सुरुवातीला तुम्ही ठरवलेलं, धाकटा भाऊ शेवटी परत येणार. मधल्या ऐंशी पानांत तो भाऊ असा झाला की तो परत येणं शक्य नाही. पण तुम्ही अजून परतीच्या प्रकरणाकडे निघालेले आहात. रोज बसता, दोन ओळी लिहिता, खोडता. तुमच्यातला लेखक तयार नाही, कारण त्याला पानांचं ऐकायचं आहे.

ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालचं. कथेचं तंत्र शिकवायला मराठीत त्या पुस्तकानं बरंच केलं, आणि कथानक आधी घट्ट बांधून घ्या हा त्या काळचा आग्रह आपल्या हाडात मुरला आहे. आग्रह वाईट नाही. पण बांधलेलं कथानक मधे सोडून परत बांधावं लागतं, हे आपण एकमेकांना सांगत नाही. म्हणून माझी विनंती : अडलेलं लेखन उघडलं की आधी आराखड्याचा कागद बाजूला ठेवा. हातात पेन न घेता पानं वाचा. मोठ्यानं वाचता आलं तर उत्तम. मग एका कोऱ्या कागदावर फक्त एवढंच लिहा, की या पानांत कोणाला काय हवं आहे आणि त्याच्या आड काय येतंय. तुम्हाला काय ठरवायचं होतं ते नाही. पानांत जे आहे तेवढंच. दहातल्या सहा वेळा कळतं की गोष्ट भलत्याच माणसाची झाली आहे. एकांच्या कादंबरीत नायक होता प्राध्यापक, आणि अठरा प्रकरणांतल्या अकरांमध्ये खरं काम करत होती त्याच्या शेजारची विधवा ताई. प्राध्यापक नुसते खिडकीत उभे.

आता थोडं लांब जाऊ या. मार्क ट्वेन. ‘टॉम सॉयर’ लिहिताना हस्तलिखिताच्या साधारण चारशेव्या पानावर गोष्ट एकदम थांबली, असं त्यानं आत्मचरित्रात सांगितलंय. टाकी कोरडी पडली, असं तो म्हणतो. त्यानं ती पानं ठेवून दिली, आणि दोन वर्षांनी काढून पाहिली तर टाकी आपोआप भरलेली. आता हे वाक्य आळशी लोकांना फार आवडतं. मलाही आवडतं. पण त्याच माणसाची पुढची गोष्ट पाहा. ‘हकलबरी फिन’ त्यानं १८७६ च्या उन्हाळ्यात सुरू केली. ती मधेच अडली. पुस्तक आलं १८८४ च्या शेवटी. अडली का, याचं कारण नकाशात दिसतं. हक आणि पळून आलेला गुलाम जिम तराफ्यावरून मिसिसिपीनं दक्षिणेला चाललेत. जिमची सुटका आहे कैरो गावापाशी वळून ओहायो नदीनं वर जाण्यात. पण ट्वेन तरुणपणी आगबोटीवर पायलट होता, तो खालच्या मिसिसिपीवर. त्याला ठाऊक असलेली नदी दक्षिणेकडे जात होती, आणि गोष्टीला जायचं होतं दुसऱ्याच नदीनं. धुक्यात कैरो हुकतं आणि तराफा खालीच वाहत जातो. गुलामगिरीतून पळणारा माणूस गुलामगिरीच्या आणखी आत चाललेला. आता याचं करायचं काय? कित्येक वर्षं त्याला उत्तर मिळालं नाही.

आणि नुसतं वाट पाहून टाकी भरली का? १८८२ मध्ये तो पुन्हा मिसिसिपीवर गेला, न्यू ऑर्लिन्सपर्यंत. बोटींवर बसला, जुन्या गावी उतरला, माणसांचं बोलणं ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात पुस्तक पुरं झालं. समीक्षक अजून म्हणतात की शेवट पटत नाही. मलाही पटत नाही. पण शेवट न पटणारी ती कादंबरी आज जगाकडे आहे.

म्हणजे टाकी भरायला जावं लागतं. तुमची कादंबरी खमरियाच्या कारखान्यात अडली असेल तर एकदा सकाळी पाळी बदलताना फाटकाबाहेर जाऊन उभे राहा. आता सायकली नाहीत, मोटरसायकली आहेत. भोंगा, चहाची टपरी, डब्यांचा आवाज. दोन तास. तुमच्या सव्विसाव्या प्रकरणाला काय हवं ते तिथं मिळेलच असं मी म्हणत नाही. घरी बसून मिळालेलं नाही एवढं मात्र नक्की.

यापुढचं जे सांगणार आहे ते खास महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींसाठी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तंजावर, जिथं असाल तिथं. तुमच्या कादंबऱ्या अडण्याचं एक कारण पुण्याच्या लेखकाला कधी कळणार नाही. तुमची पात्रं बोलत नाहीत, कारण तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत बोलू देत नाही.

आमच्या बैठकीला एक काकू येतात. त्यांची एका फॅक्टरी क्वार्टरमधल्या कुटुंबावर कादंबरी. एकशेबारा पानं, आणि सहा वर्षं तिथंच. प्रसंग असा : थोरल्या भावानं ठरलेलं लग्न मोडलंय, आणि स्वयंपाकघरात आई त्याला विचारते आहे. काकूंनी आईच्या तोंडी घातलेलं वाक्य होतं, ‘तू असा निर्णय घेण्यापूर्वी आमचा विचार करायला हवा होतास.’ आम्ही ऐकलं. कोणी काही बोललं नाही. मग काकूंचे यजमान, जे सहसा कोपऱ्यात बसून पेंगतात, ते म्हणाले, ‘तुझी आई अशी कुठं बोलायची?’ काकू म्हणाल्या, ‘मग कशी बोलायची?’ आणि स्वतःच बोलून गेल्या, ‘काय करून राहिला आहेस तू? लोकं मला विचारून राहिले, मी काय सांगू? बता दे मला.’

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

मग खरा प्रश्न आला. असं लिहिलं तर मुंबईचा प्रकाशक म्हणणार, ही कसली मराठी? आणि शाळेत आपल्याला शिकवलेलं, की घरातलं हे ‘करून राहिला’ अशुद्ध. त्या एका लाजेपायी बाईंची सहा वर्षं गेली. मी त्यांना उद्धव शेळक्यांची ‘धग’ दिली. १९६० ची कादंबरी. निवेदन सरळ प्रमाण मराठीत, आणि माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. वऱ्हाडी येत नाही अशा वाचकानं त्यामुळे पुस्तक खाली ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. कौतिकचं घर डोळ्यांसमोर उभं राहतं ते त्या बोलण्यामुळेच. काकूंनी पुस्तक वाचलं, परत केलं आणि म्हणाल्या, ‘पण वऱ्हाडी ही बोली आहे. आमचं काय आहे?’

याचं उत्तर मी दिलं ते असं, की तुम्ही लिहाल तेव्हा ती बोली होईल. जरा नाटकी झालं, मान्य आहे. पण मुद्दा खरा आहे. कोणतीही बोली कागदावर पहिल्यांदा कोणीतरी आणलेलीच असते. आता काकूंची पात्रं बोलतात. आई जबलपुरी मराठी बोलते, बाबा नागपुरी, कारण ते तिकडून आलेले. धाकटी मुलगी रागावली की हिंदीवर जाते आणि रडताना मराठीवर येते. या शेवटच्या गोष्टीतून त्यांना पुढची दोन प्रकरणं मिळाली. कादंबरी अजून पुरी नाही. एकशेऐंशीच्या आसपास आहे.

भाषेचं असं झालं, आता लांबीबद्दल. पुन्हा मुक्तिबोधांच्या घरी जाऊ या, कारण त्या घरात लिहिणारे दोन भाऊ होते. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहायचे. कवी, समीक्षक आणि कादंबरीकार. बिशू नावाच्या नायकाची गोष्ट त्यांनी तीन कादंबऱ्यांत सांगितली : ‘क्षिप्रा’ १९५४, ‘सरहद्द’ १९६२, ‘जन हे वोळतु जेथें’ १९६९. पंधरा वर्षं. थोरल्या भावाची गोष्ट वेगळी. ‘अंधेरे में’ ही त्यांची दीर्घ कविता १९५७ ते १९६२ च्या दरम्यान लिहिली गेली असं मानतात. ती छापून आली ते पाहायला ते नव्हते. ११ सप्टेंबर १९६४ ला दिल्लीत गेले, वय सेहेचाळीस. पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी, त्यांच्या मागं निघाला. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी सहा खंडांत रचनावली संपादित केली, त्यात अपुऱ्या राहिलेल्या कथाही आहेत. एक चांगली सुरू झालेली कथा वाचत जावं आणि मधेच ती संपावी. पुढं काहीच नाही. मी त्या कथा सलग वाचू शकत नाही.

थोरल्याला जास्त प्रतिभा होती की धाकट्याला, या वादात मी पडत नाही. मला दिसतो तो फरक कामाच्या पद्धतीचा. शरच्चंद्रांनी मोठ्या गोष्टीला मधे थांबायच्या जागा दिल्या. ‘क्षिप्रा’ बंद केली, छापली, मग पुढं आठ वर्षं घेतली. ती आठ वर्षं अडण्याची होती की तयारीची, बाहेरून कोण सांगणार? पण मधे एक पुस्तक होतं, वाचक होते. आता तुमची एकशेवीस पानं बाहेर काढा आणि विचारा, यात एखादी पुरी गोष्ट आधीच झालेली आहे का? पहिल्या सत्तर पानांत काही सुरू होऊन संपलंय का? मग ती दीर्घकथा आहे. दीर्घकथेला मराठीत मान आहे, आणि दिवाळी अंकांमुळे तिला जागाही आहे. चारशे पानांची कादंबरी अडली म्हणून रडणाऱ्या किती जणांकडे सत्तर पानांची उत्तम दीर्घकथा पडून असते.

नेमाड्यांचं उदाहरण लोक मला हमखास देतात. ‘झूल’ १९७९, आणि ‘हिंदू’ २०१०, मधे एकतीस वर्षं. ‘सर, त्यांनीही वेळ घेतलाच ना?’ घेतला. पण त्या एकतीस वर्षांत ‘टीकास्वयंवर’ आलं, ‘देखणी’तल्या कविता आल्या. हात चालू होता. आपला हात फक्त फोनवर चालू असतो.

फोनवरून आठवलं. १८६६ च्या ऑक्टोबरात दोस्तोयेव्हस्की एका करारात अडकला होता. महिनाअखेर नवी कादंबरी दिली नाही तर प्रकाशकाला त्याच्या पुस्तकांवर नऊ वर्षं फुकटात हक्क मिळणार होता. ‘गुन्हा आणि शिक्षा’ एकीकडे मासिकात चालू. त्यानं अ‍ॅना नावाच्या एका तरुण लघुलेखिकेला बोलावलं आणि ‘जुगारी’ तोंडी सांगितली. सव्वीस दिवसांत. पुढं त्यानं तिच्याशी लग्नही केलं, पण ते आपल्या विषयात बसत नाही. तुमच्या-माझ्याकडे लघुलेखिका नाही. फोन मात्र आहे. त्याला मराठीत बोललेलं टाइप करता येतं, चुका करत का होईना. अडलेला प्रसंग लिहू नका, कोणाला तरी सांगत आहात असं समजून फोनला सांगा. लिहिताना आपण कॉलर ताठ करून बसतो. बोलताना ‘मग काय झालं माहितेय का’ असं सुरू करतो, आणि मग काहीतरी व्हावंच लागतं. काकूंच्या त्या स्वयंपाकघरातही तेच झालं. त्यांनी लिहिलं नाही, त्या बोलल्या.

समोर खरा माणूस असेल तर आणखी बरं. ‘तीसरा क्षण’मधला केशव आठवा. तो अडवतो, शंका काढतो, आणि त्याला उत्तर देता देता विचार पुढं सरकतो. असा एक केशव शोधा. फक्त ‘छान आहे’ म्हणणारा नको, आणि प्रत्येक ओळीत ऱ्हस्व-दीर्घ काढणाराही नको. ‘मग ती तेव्हा का गेली नाही?’ असं विचारणारा हवा.

वाट पाहणारा वाचक हाही एक उपाय. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यात क्रमशः दिली. साप्ताहिक होतं, पुढचा मजकूर द्यायलाच हवा. अर्थात क्रमशः लिहूनही हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्याच, म्हणजे हाही रामबाण नव्हे. पण आमच्या बैठकीत आम्ही एवढं करतो : दर महिन्याला प्रत्येकानं चार पानं वाचायची, आणि ऐकणाऱ्यांनी शेवटी फक्त एकच सांगायचं, ‘पुढं काय होईल असं मला वाटतं’. लेखकाला बहुतेक सगळे अंदाज चुकीचे वाटतात. ते चुकीचे का आहेत हे सांगायला तो तोंड उघडतो, आणि पुढचं प्रकरण बाहेर येतं.

आमच्या गावचे अमृतलाल वेगड तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतील. नर्मदेवरची त्यांची पुस्तकं मराठी वाचकांनी मनापासून वाचली आहेत. परंपरेनं परिक्रमा सलग करायची असते. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस असं सांगतात. वेगडांना नोकरी होती, संसार होता, आणि १९७७ मध्ये निघाले तेव्हा पन्नाशी जवळ आलेली. ते तुकड्यातुकड्यांनी चालले. पहिला टप्पा जबलपूर ते मंडला. सुट्टी संपली की घरी यायचं, आणि पुन्हा सवड झाली की पुढचा टप्पा. मधल्या महिन्यांत ते शाई आणि कागद घेऊन चित्रं करायचे, लिहायचे. त्यात कोणाला ‘परिक्रमा अडली’ असं वाटलं नाही, कारण कुठपर्यंत आलो हे पक्कं माहीत होतं.

तुमच्या वहीत तेवढं तरी लिहून ठेवा. पानांना क्रमांक घाला. अर्ध्या वह्यांना क्रमांक नसतात, आणि सुटी पानं झाली की ती कोणीच जुळवू शकत नाही, लेखकसुद्धा. शेवटच्या पानाखाली तारीख घाला, आणि पुढच्या प्रसंगात कोण कुठं उभं आहे ते दोन ओळींत लिहा. वर तुमचं नाव आणि कादंबरीचं नाव, तात्पुरतं असलं तरी चालेल. हिंदीतही लिहा, म्हणजे सुनेला कळेल की हे काय आहे. मग सगळ्या पानांचे फोटो काढून घरातल्या एकाला आणि घराबाहेरच्या एकाला पाठवा. हे लेखनाचं काम वाटत नाही. एका संध्याकाळचं आहे. आणि फोटो काढताना प्रत्येक पान उलटावं लागतं, त्यामुळे थोडं वाचलं जातं. गेल्या पावसाळ्यात एक जण असेच फोटो काढायला बसले, चौऱ्याण्णवाव्या पानावर थांबले आणि पेन शोधायला उठले.

प्रश्न असतील तर व्हिडिओखाली लिहा. जबलपूरच्या आसपास असाल तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या बैठकीला या, चार पानं घेऊन. अडलेलीच आणा. चहा आहे.